लेटरहेड, सही, शिक्का

साइटवर विटा कमी पडतात, वाळू कमी पडते, पाणी तर नेहमीच कमी पडतं. किस्से तेवढे कधी कमी पडत नाहीत. पंचवीस वर्षं आदिलाबाद जिल्ह्यात साइट इंजिनियर म्हणून उन्हात उभा राहिलोय, ढीग झालाय नुसता. पूर्वी हसायला सांगायचो. हल्ली सांगता सांगता डोकं तापतं.

कारण गेली काही वर्षं दर रविवारी सिव्हिलची पोरं माझ्या घरी येऊन बसतात. "काका, साइटवर काम शिकायचं हाय," म्हणतात. कॉलेजच्या कागदावर मी त्यांचा 'मेंटॉर' आहे! आणि त्यांना काही शिकू द्यायचं नाही म्हणून बाकीची दुनिया कंबर कसून उभी आहे.

यंदा दोघं होती. नरेश आदिलाबादचाच, वडील बँकेत. सारिका गुडीहत्नूरजवळच्या खेड्यातली, घरी कापूस आणि ज्वारी. घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली.

* * *

या पोरांना सहा आठवडे साइटवर काढावे लागतात. गुत्तेदाराचं, म्हणजे कंत्राटदाराचं, तसं पत्र कॉलेजात दिलं की मार्क. पत्र नाही तर डिग्री अडली!

पत्रं तपासायला एक क्लार्क बसतो. त्याचा नियम साधा. "लेटरहेड, सही, शिक्का. तीन गोष्टी पायतो. बाकी काय लिवलं ते वाचत बसलो तं माझं रिटायरमेंट होऊन जाईन!"

मागच्या वर्षी एका पोराने चक्क मंडप-डेकोरेशनवाल्या मामाचं पत्र आणलं. लेटरहेडवर झुंबर छापलेलं. मी योगायोगाने तिथेच होतो. म्हटलं, "अहो, हे लग्नाचे मंडप घालतात!"

क्लार्कने झुंबराकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे पाहिलं.

"मंडप बी स्ट्रक्चरच हाय ना, साहेब!"

पोरगा पास झाला. आता तो कुठेतरी पूल बांधत असेल, आणि मी त्या रस्त्याने जात नाही.

* * *

कॉलेजने एकदा 'नेटवर्किंग'वर भाषण ठेवलं. हैदराबादहून कडक इस्त्रीचे साहेब आले. दीड तास बोलले, त्यातला एक तास शेकहँड कसा करायचा यावर. पकड घट्ट, नजर समोर, ओठांवर हसू. पोरांकडून जोड्याजोड्याने सराव करून घेतला.

शेवटी सारिकाने हात वर केला. "सर, तुमच्या साइटवर पंधरा दिवस येऊ का?"

साहेब म्हणाले, "व्हेरी गुड! मेल करो." तिने मेल केला. आठवण म्हणून पुन्हा केला. उत्तर अजून यायचंय.

नरेश मात्र शेकहँडवर विश्वास ठेवून नेरडीगोंड्याला गेला. हायवेजवळ एका गोदामाचं काम चालू होतं. सुपरवायझरसमोर उभा राहून याने हात पुढे केला. पकड घट्ट, नजर समोर, ओठांवर हसू!

सुपरवायझरने त्या हाताकडे क्षणभर पाहिलं आणि सिमेंटने भरलेलं घमेलं त्यात ठेवलं. "रिकामाच हाय ना? ने वरते!"

नरेश अजून म्हणतो, दीड तासाच्या भाषणातून तेवढंच कामाला आलं.

* * *

मग 'आउटरीच' निघालं. म्हणजे कॉलेजच्या पोरांनी खेड्यातल्या शाळेत जायचं आणि मुलांना इंजिनियरिंगची गोडी लावायची. बस केली, बॅनर केला, इंद्रवेल्लीकडच्या एका शाळेत पोचलो. आइस्क्रीमच्या काड्यांचा हातभर पूल करून दाखवला. वर दोन विटा ठेवल्या, पूल पडला नाही. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

"कुणाला काही विचारायचं आहे?" प्राध्यापकांनी हौसेने विचारलं.

चौथीतली एक मुलगी उठली. "आमच्या वढ्यावरचा पूल दोन पावसात वाहून गेला. तो तुमीच बांधला व्हता का?"

प्राध्यापक म्हणाले, "चला, चला, बसमध्ये बसा."

मला तेव्हा हसू आलं नव्हतं. आजही येत नाही.

* * *

सारिकाला साइट मिळता मिळेना. मी माझ्या ओळखी काढल्या. एका सुपरवायझरकडे तिला स्वतः घेऊन गेलो.

तो म्हणाला, "मुलगी? नाही जमणार साहेब. साइटवर संडास नाही, बसायला जागा नाही. काही झालं तं जबाबदारी कोनाची?"

समोर दहा बाया घमेली वाहत होत्या. सकाळी आठपासून!

सारिकाने तिकडे बोट दाखवलं. "ह्यायची जबाबदारी कोन घेऊन राह्यलं?"

तो शांतपणे म्हणाला, "त्या कामाले येतात. तू शिकाले येशीन."

मी त्याला काही बोललो नाही. ओळख तुटेल म्हणून! तीच ती ओळख, जिला हैदराबादचे साहेब नेटवर्क म्हणत होते.

* * *

शेवटी तिला साइट मिळाली ती तिच्याच गावात. शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. गुत्तेदार बरा वाटला. म्हणाला, "सहा हप्ते उभी राह्य, पत्र देतो."

पाचव्या आठवड्यात स्लॅब टाकायला घेतला. स्लॅब टाकताना त्यातलंच थोडं काँक्रीट लोखंडी साच्यात भरून ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणतात. ते लॅबमध्ये जातात, मशीनखाली दाबून फोडतात. ठोकळा किती जोराला फुटला त्यावर छताची ताकद ठरते.

हे पुस्तकात. साइटवर काय होतं? क्यूबसाठी बाजूला वेगळा माल कालवतात. सिमेंट सढळ, पाणी बेताचं. ठोकळे पहिल्या नंबराने पास, आणि छतात कसा माल गेला ते देवाला ठाऊक! या वेगळ्या मालाला नावसुद्धा आहे, 'क्यूबचा माल'. कुणी लपूनछपून करत नाही. चहा करावा तसं करतात.

सारिकाला क्यूब भरायला सांगितलं. तिने तिथूनच मला फोन केला. "काका, स्लॅबमंदी पान्यासारखं पातळ टाकून राह्यले. अन् मले म्हनतात, क्यूब या घमेल्यातून भर. माहा भाऊ दुसरीत हाय. याच छताखाली बसन तो."

आता माझी लाज सांगतो. मी म्हणालो, "भर बाई. एकच आठवडा राहिलाय. पत्र घे आणि सूट. डिग्री हातात आली की मग भांड जगाशी."

ती म्हणाली, "तुमी भरले व्हते का?"

भरले होते. पहिल्याच नोकरीत, सहा ठोकळे, स्वतःच्या हाताने. तिने फोन ठेवला. मेंटॉर म्हणे!

तिने क्यूब स्लॅबच्या मालातून भरले.

सात दिवसांनी लॅबमध्ये ते असे फुटले की मशीनवाल्याने काटा पुन्हा तपासला. बांधकाम खात्याच्या ऑफिसातून माणसं आली, छत ठोकून पाहिलं आणि स्लॅब उतरवायचा हुकूम झाला. त्याच दिवशी सारिकाचे सहा आठवडे पुरे झाले होते.

गुत्तेदार लालबुंद! तिच्यासमोरच त्याने मुनशीला बसवलं आणि प्रिन्सिपॉलच्या नावाने तक्रार लिहून घेतली. सही केली, शिक्का दाणकन मारला आणि कागद तिच्याच हातात दिला. "जाय, दे तुया प्रिन्सिपॉलले! पाय कशी डिग्री भेटते ते!"

सारिकाने तो माझ्या घरी आणून वाचून दाखवला. इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो: 'सदर विद्यार्थिनी आमच्या साइटवर सहा आठवडे रोज हजर होती. वेगळा माल तयार करून दिला असतानाही ती क्यूबमध्ये स्लॅबचाच माल भरते. अशी मुलगी पुन्हा पाठवू नये.'

मी म्हटलं, "आता काय करशील?"

ती म्हणाली, "पत्र जमा करीन."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. तेवढं तरी करावं म्हणून. तिने खिडकीतून कागद आत सरकवला. क्लार्कने लेटरहेड पाहिलं. सही पाहिली. शिक्का पाहिला. रजिस्टरमध्ये तिच्या नावासमोर टिक केली.

मग त्याने कागद उलटून पाहिला. "ही झेरॉक्स हाय. ओरिजिनल कुठी हाय?"

"लॅमिनेशनले टाकलं, सर."