जोत्यावरची मोटार

आमच्या भावजींइतका सरळ माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका बायकोचा जीव काढणारा माणूसही झाला नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण ज्या बाईचा जीव ते काढत होते ती माझी सख्खी थोरली बहीण. भावजींना तंबाखू नाही, विडी नाही, पत्त्यांचा नाद नाही. कोळणीशी घासाघीस करायची त्यांना लाज वाटे, त्यामुळे त्यांच्या पिशवीत नेहमी शिळे बोंबील यायचे. असा निर्व्यसनी जावई मिळाला म्हणून आमच्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. त्या साखरेला पुढे ज्या मुंग्या लागल्या, त्यांची ही हकिगत आहे.

भावजी चिंचणीचे. धंदा डाय कोरण्याचा, म्हणजे सोन्याच्या पत्र्यावर दागिन्याची नक्षी उठवायचे पोलादी ठसे करण्याचा. डोळ्याला भिंग लावून ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मांडी घालून बसत आणि मोर, कोयऱ्या, वेली कोरत. मोराच्या पिसातला डोळा तांदळाच्या कणीएवढा, आणि त्या डोळ्यालाही बुबुळ. मुंबईचे सराफ त्यांच्या हातच्या डायसाठी महिना-महिना थांबत. पण या मोरांच्या आणि वेलींच्या मागून भावजींच्या डोक्यात सदोदित एक मोटार धावत असे. डॉक्टरांकडे असते तसली चार दारांची मोटार नव्हे. तिला ते ‘पेटारा’ म्हणत. त्यांना हवी होती शर्यतीची, बुटकी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. ‘स्पोर्ट’ हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याला ते एखाद्या देवस्थानाचं नाव वाटावं. जुन्या विलायती मासिकांतली चित्रं कापून त्यांनी भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी लावली होती, आणि उदबत्ती ओवाळताना त्यांचा हात जरा डावीकडे जास्त जातो, असं ताईचं म्हणणं होतं. एकदा एका सराफाने कुड्यांसाठी सूर्यफुलाची डाय सांगितली. भावजींनी कोरली, सराफाने कुड्या ठोकल्या, आणि मग कुणीतरी दाखवून दिलं की ही फुलं नसून तारांच्या आऱ्यांची चाकं आहेत. सराफ चिंचणीपर्यंत भांडायला आला होता. भावजींनी त्याला चहा पाजला आणि चाक किती सुरेख आलंय ते पुन्हा भिंगातून दाखवलं.

ताईला मात्र घर हवं होतं. फार मोठं नाही, दोन खोल्या, पुढे ओटी आणि मागे न्हाणी, पण स्वतःचं. लग्न झाल्यापासून ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. तिथे पाटा-वरवंट्याचा आवाज झाला तरी घरमालक, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, भिंतीवर काठी आपटत. तीन मुलं त्या खोल्यांत वाढली, आणि मुलांना हळू बोलायची सवय लागली. शेवटी भावजींच्या वाट्याला आलेल्या वाडीच्या तुकड्यावर एकदाचं जोतं बांधून झालं. आमच्या बाजूला रीत अशी की जोत्याने एक पावसाळा खाल्ल्याशिवाय वर भिंत चढवायची नाही. बसायची ती माती बसू द्यायची. ताईने तो पावसाळा कसा काढला ते मी पाहिलं आहे. रोज संध्याकाळी छत्री घेऊन ती त्या उघड्या चौथऱ्यावर जायची आणि इथे चूल, इथे फळी, इथे देव, असं मनाशी लावत उभी राहायची. दिवाळी झाली. विटांसाठी जमवलेले पैसे कनवटीला लावून भावजी तारापूरच्या बाजूला वीटभट्टीवाल्याकडे गेले आणि तिन्हीसांजेला मोटार घेऊन आले.

झालं होतं असं, की भट्टीच्या वाटेवर एका पारशी शेटच्या बंद बंगल्यामागे, आंब्याखाली, भावजींना ती दिसली. हिरवा रंग उडालेला, टप फाटलेलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी उबवायला बसलेली. शेट वारल्यावर बाईंना ते धूड नकोच होतं. पुढचं सांगायला नको. कोंबडी अंड्यांसकट गाडीबरोबर आली, आणि ताईने त्या दिवशी नवऱ्याशी एक शब्दही न बोलता आधी कोंबडीची सोय लावली. आबांनी गाडी अंगणात उभी करू दिली नाही. मग भावजींनी नारळाची खोडं टाकून उतार केला, चौघांना धरून ती ढकलत ढकलत जोत्यावर चढवली आणि वर झावळ्यांचा मांडव घातला. ताईच्या घरात पहिली राहायला आली ती मोटार, आणि नेमकी चुलीच्या जागेवर.

ती चालत नसे असं मी म्हणणार नाही. चालायची. दोन ठसके, एक उचकी आणि मग घसा खाकरल्यासारखी लांबलचक घरघर, असा तिचा आवाज होता, आणि तो ऐकला की गावातली कुत्री ओळखीने शेपट्या हलवत. मी पालघरला मास्तर होतो. एकदा आम्ही घरची चार माणसं सुट्टीत चिंचणीला निघालो, तर भावजी हौसेने मोटार घेऊन बोईसर स्टेशनवर हजर. दोन जागांपैकी एकीवर ते स्वतः. उरलेल्या एकीवर कोण बसणार यावर बराच खल होऊन शेवटी आमची ट्रंक बसली, आणि आम्ही एस.टी.ने गेलो. एस.टी. आधी पोचली. दुसऱ्यांदा त्यांनी मला ओहोटीच्या वेळी समुद्रावर नेलं. ओली वाळू कशी डांबरी रस्त्यासारखी टणक असते आणि तिथे गाडीला खरा वेग कसा येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. वेग आला, हे मान्य करायला हवं. भावजींचं टक्कल वाऱ्यावर लखलखत होतं आणि माणूस इतका आनंदी असू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मग गाडी रुतली आणि भरती सुरू झाली. पाट्या घेऊन निघालेल्या कोळणींनी पाट्या खाली ठेवून ती बाहेर लोटली. त्यांतली एक जण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दादा, गाडीला आदी पवायला शिकवा.”

एक दिवाळी गेली, दुसरी गेली. भिंतींचे पैसे जमायला आले की मोटारीला काहीतरी व्हायचं. कधी टायर, कधी आणखी काही, आणि प्रत्येक वस्तू मुंबईहून यायची. ‘एवढं झालं की विटाच,’ असं भावजी म्हणत आणि तसं त्यांना खरंच वाटत असे. खोटं बोलणं त्यांना जमतच नव्हतं. म्हणून तर त्यांच्याशी भांडताही येत नसे. ताई आता जोत्यावर जायची ती झाडू घेऊन. मोटारीतून तेल गळे आणि तिच्या चौथऱ्यावर काळा डाग पडे. तिने गोडेतेलाचा एक रिकामा डबा कापून गाडीखाली ठेवला. रोज संध्याकाळी तो ओढायचा, ओतायचा, पुसायचा, पुन्हा सरकवायचा आणि नशिबाला बोल लावायचा, हा तिचा परिपाठ झाला. मी तिच्या बाजूने बोलून पाहिलं, आईने शपथ घालून पाहिली. शेवटी आम्ही सगळ्यांनी हात टेकले.

त्यातच तारापूरच्या किनाऱ्याला अणुशक्तीच्या वीजघराचं काम निघालं. इंजिनियर आले, कंत्राटदार आले, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू येऊ लागलं आणि ज्या खोल्यांत आम्ही शेळ्या बांधल्या नसत्या त्यांना भाडेकरू मिळू लागले. एका रविवारी मी तिथे असतानाच आबा आले. काठी न आपटता आले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

“बाय, मी वाईट मानूस नाय,” ते ताईला म्हणाले. “पन ते सायब लोक मागाल ते भाडं देतात. मला पन पोरींची लग्नं करायची हायत. होळीपावेतो खोल्या मोकळ्या करा.”

तेवढ्या भाड्यात गावात दुसरी खोली मिळणं शक्य नव्हतं. आबा गेल्यावर मला वाटलं, आता भांडण होणार. ताई उठली, जोत्यावर गेली. आम्ही दोघे मागोमाग गेलो. ती मोटारीशेजारी उभी राहिली आणि इतक्या शांत आवाजात बोलली की मला तिची भीती वाटली.

“गाडी विका असं मी कधी म्हनले नाय आणि आज पन म्हनत नाय. मला फक्त एवढंच सांगा, येत्या पावसाळ्यात पोरं कुटं निजवू?”

 भावजी गाडीच्या मडगार्डावरची धूळ बोटाने पुसत राहिले. त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला होता, हे लिहून ठेवतो.

होळीला त्यांनी ताईला आणि मुलांना माझ्याकडे पालघरला पाठवून दिलं आणि स्वतः मांडवात राहिले. ‘घराचं बघतो’ एवढंच म्हणाले. ताईने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ती बोचकी सोडून निमूट भांडी घासायला बसली. आणि काही आठवड्यांनी भावजींचा निरोप आला, की चौकट बसवायचा मुहूर्त धरला आहे, या. आम्ही गेलो तर वाडीत विटांचा ढीग. ताई त्या ढिगाभोवती एक फेरी मारून आली, एक वीट हातात घेऊन तिने वाजवून पाहिली. भावजी खूप वाळले होते. पैसा कुठून आला विचारलं तर म्हणाले, सराफाने उचल दिली. मोटार जोत्यावर होतीच, ताडपत्रीने बांधलेली. गवंड्याने विचारलं की आधी ही बाहेर काढू या का. भावजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे. दाराचं माप मी घेतलंय, नंतर आरामात निगंल.” ताईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चौकट उभी राहिली आणि पाऊस येण्याआधी छप्पर चढवायचं म्हणून भिंती भराभर वर गेल्या.

घर झालं आणि गावभर हशा झाला, कारण दार मोटारीपेक्षा हातभर अरुंद होतं. पूजलेली चौकट काढायची नाही, ती काढणं अशुभ. हे भावजींनीच सर्वांत आधी सांगितलं. तेव्हापासून चूल मागे सरकली आणि मोटार माजघरात. तिच्यात मुलं निजत, पाहुण्यांची गर्दी झाली की एखादा पाहुणाही निजे, आणि तिच्या इंजिनावरच्या टोपणावर ताई पापड वाळत घाली. बाजारात लोक भावजींना गाठून विचारत, की मोराच्या डोळ्यात बुबुळ कोरणाऱ्याला दार कसं मोजता येईना. भावजी हसून मान डोलवत. गाडी निदान चालू तरी करा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, “आन घरात धूर भरू?” मी कपाळावर हात मारून घेतला. दैवाने शेवटी या माणसावर सूड उगवला, असंच मला वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी चिंचणीला गेलो होतो. भावजी मला समुद्रावर घेऊन गेले. आता ते रोज संध्याकाळी जातात, असं ताईने सांगितलं होतं. आम्ही सुरूच्या झाडांखाली बसलो.  होड्या परतत होत्या, बऱ्याचशा शिडाच्या. मग दक्षिणेकडून, नवापूरच्या बाजूने, यंत्रावर चालणारी एक होडी आली. दोन ठसके, एक उचकी आणि मग ती लांबलचक घरघर. आमच्यामागे झोपलेलं गावातलं एक कुत्रं उठून शेपटी हलवू लागलं. मी भावजींकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर गियर बदलत होता.

दाराचं माप त्यांचं चुकलं नव्हतं. चुकणं शक्यच नव्हतं. विटांसाठी मोटारीचं इंजिन विकून, पोकळ गाडी कधी बाहेर निघू नये असं दार ठेवून, आपल्या सगळ्या सुखावर त्यांनी भिंती चढवल्या होत्या, आणि गाव हसत होतं तेव्हा त्यांनी हसू दिलं होतं. 

“तुमच्या ताईला सांगू नका,” ते म्हणाले. “आता कुटं घर मिळालंय तिला. कळलं तर भिंतीला टेकून सुखानं बसायची नाय.”

होडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बसलो. मग ते म्हणाले की नवापूरचा माणूस चांगला आहे, वेळच्या वेळी वंगण घालतो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भावजी बाहेर पाय धूत होते. ताईने पदर खोचला, खाली वाकून मोटारीखालचा तो गोडेतेलाचा डबा ओढला. मी पाहिलं, डबा कोरडा ठणठणीत होता. तेलाचा थेंब सोडा, वासही नव्हता. तिने तो रोजच्यासारखा आतून पुसला आणि पुन्हा त्याच जागी सरकवला. माझ्याकडे वर बघून ती अगदी हळू म्हणाली, “हितलं सारवण रोज मीच करते रे.” मग आवाज चढवून दाराकडे तोंड करून म्हणाली, “आज पन किती तेल गळलंय! माजी जमीन खराब करनार तुमची गाडी.”

“उद्या बघतो हं,” बाहेरून भावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात कितीतरी समाधान होतं.

परवा गेलो होतो. डबा अजून गाडीखाली आहे. बाहेरून गंजलाय, आतून लख्ख आहे.