व्याही, कादंबऱ्या आणि वसतिगृहाचं वरण

छापलेल्या अक्षरावर आमच्या लातूरच्या व्याह्यांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. धंदा डाळीचा, पण गल्ल्यावर बसले की पुढ्यात कादंबरी. गिऱ्हाईक आलं तर हातानंच थांबा म्हणणार, आणि नायिका शुद्धीवर आल्याशिवाय तराजूला हात लावणार नाहीत. एका कादंबरीतला डॉक्टर लबाड निघाला, तर यांनी ठणकती दाढ घेऊन स्वतःच्या डॉक्टरकडं जायचं सोडलं!

क्लाससाठी आमची नात, म्हणजे यांच्या लेकीची लेक, यांच्याच घरी राहिली आणि तिला देशातल्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. मी आमच्या गावी, भोकरात, पेढे वाटले. यांनी तसल्या कॉलेजांवरच्या कादंबऱ्या आणल्या आणि वाचून फोन केला, "पोरगी जाणार न्हाई. तिथं पोरं सिगरेटी ओढतात, वर्गात झोपतात, नापास होतात. अन् मेसचं वरण म्हणजे निव्वळ पाणी!"

"आप्पा, माझी नात हाय. जाईल."

"वाचल्याबिगर बोलायलात तुम्ही, पाटील."

शेवटी ठरलं, दोघांनी सोडायला जायचं. पुस्तकात लिहिलंय तसं दिसलं तर पोरीला परत आणायचं. नांदेडच्या स्टेशनवर बघतो तर व्याह्यांसंगं तुरीच्या डाळीचं पोतं. म्हणाले, "निदान वरण तरी सुधारू."

तिथं पोचल्यावर व्याही ऑफिसात गेलेच नाहीत. थेट मेसमध्ये. वाटीभर वरण घेतलं, बोटावर चोळलं, हुंगलं, भुरकलं. चेहरा उतरला. नात माझ्याकडं बघायली, मी तिच्याकडं. व्याह्यांनी दुसरी वाटी मागितली.

"घट्ट हाय, पाटील."

"मग?"

"ज्याला साधं वरण खरं लिहिता आलं न्हाई, त्याचं बाकीचं काय खरं धरायचं? राहू द्या पोरीला."

दोन वाट्या वरणावरून कॉलेज कसं कळतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. त्यापेक्षा मी पोतं आचाऱ्याच्या हवाली केलं.

फाटकाशी नात पाया पडली. तेवढ्यात कुठल्याशा परमुलखातल्या पोरीनं तिला हाक मारली, आणि दोघी हसत निघून गेल्या. आमची मागं वळली नाही.

परतीच्या गाडीत व्याह्यांच्या मांडीवर कादंबरी मिटलेलीच होती.

"हसत गेली ना, पाटील?"

"हाव."

"हे कुणीच लिहिलेलं न्हाई."

"मग ती लिहील की."

"लिहील. पण तवर आपले डोळे ऱ्हायतील का?"

कादंबरीला मी जन्मात हात लावला नाही. तरी म्हटलं, "तुमचे ऱ्हायले तर मोठ्यानं वाचा, आप्पा. मी ऐकीन."