पुसट आकडे

सुकापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई कंटेनर यार्डातलं कॉम्प्युटरचं काम शिकवणारे व्हिडिओ करतात. स्क्रीन रेकॉर्ड करण्याआधी अक्षरं मोठी करतात आणि झालेला व्हिडिओ मुद्दाम लहानशा मोबाईलवर तपासतात.

एकदा मी बाईंकडे असताना जासई गावातली एक तरुण सून जिना चढून आली. "ताई, तुमच्या जुन्या व्हिडिओत आकडं नीट दिसत नाय. उद्या मुलाखत हाय माजी."

मी म्हटलं, "हिला समोरच शिकवा ना."

"शिकवतेच. पण जे इथे येऊ शकत नाहीत त्यांचं काय? दिसलं नाही की माणूस स्वतःलाच मठ्ठ समजतो."

तिला शेजारी बसवून बाईंनी सगळा धडा नव्याने रेकॉर्ड केला. तिचे प्रश्नही त्यात राहू दिले.

ती आता यार्डात नोकरीला आहे. नव्या मुली तिला आवाजावरून ओळखतात.