सोळाशेवरचे उमरेडकर

खराब फोटो एका बटणात डिलीट होतो. उमरेडकरांचे किस्से होत नाहीत! कांचघर मोहल्ल्यात आमचा सकाळच्या चहाचा अड्डा आहे. तिथे एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा आठवतो. बसा, चहा येऊनच राहिला आहे.

उमरेडकर आयएसओ सर्टिफिकेटवाल्या फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झाले. मुलीने छोटा डिजिटल कॅमेरा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून हे कलाकार! कॅमेऱ्यातही आयएसओ नावाची एक सेटिंग. अंधारात आकडा वाढवायचा, उजेडात कमी करायचा. उगाच वाढवला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. बस, एवढंच. उमरेडकरांनी ऐंशी ते सोळाशे आकडे पाहिले आणि सरळ सोळाशे लावला.

"सोळाशे भेटून राहिले तर ऐंशी काहून घेऊ?"

आमचे घाटे म्हणाले, "भाऊ, ऑटोवर ठेवा ना."

"ऑटोनंच फिराचं होतं तर कॅमेरा काहून घेतला असता?"

*

एकदा भेडाघाटला गेलो. भर दुपारचं ऊन, संगमरवरी कडे, आणि आकडा तोच! घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहतो तर वाळत घातलेल्या धोतरासारखं नुसतं पांढरं.

"यात नर्मदा कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे ना मधात. संगमरवर पांढराच राहते, भैया!"

*

गणपतीत मी समजावून पाहिलं. "साहेब, आयएसओ वाढवला की फोटोत नॉइज वाढतो."

त्यांनी कॅमेरा कानाला लावला! मग आरती ऐन रंगात असताना झांजवाल्यांवर ओरडले, "अरे भाई, थोडा धीरे! फोटो में नॉइज आ रहा है!"

झांजा थांबल्या. दाणे आलेच.

*

शेवटी त्यांनी कुणाचं तरी ऐकलं आणि आकडा ऐंशीवर आणला. कधी? माझ्या रिटायरमेंटच्या सत्काराला, मंडळाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये, फ्लॅश बंद करून! इतक्या कमी आकड्यावर अंधारात फोटो निघायला वेळ लागतो, तोवर माणूस हलतो. कॅमेरा टेबलावर ठेवलेला, म्हणून मागचं बॅनर स्पष्ट, त्यावरचं माझं नाव स्पष्ट, आणि खाली मला तीन नाकं!

मी जाब विचारायला गेलो. उमरेडकर शांतपणे म्हणाले, "तुमी श्वास घेतला."

*

आता घाटेंच्या मुलीचं, केतकीचं. ती पुढे भोपाळला बँकेत लागली, स्वतः मुलगा निवडून सुखात आहे, म्हणून आज हसता येतं. तेव्हा त्या घरात कुणी हसत नव्हतं. नागपूरचं चांगलं स्थळ आलं होतं आणि त्यांना फोटो हवा होता.

"स्टुडिओत काहून जाता? मी आहो ना!" असं म्हणून उमरेडकर कॅमेरा घेऊन हजर. आकडा पुन्हा सोळाशे! घाटे भिडस्त, तोच फोटो मोठा करून पाठवला.

मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. घाटेंनी स्पीकर लावला.

"मुलगी छान आहे हो. पण चेहऱ्यावर ते... कांजिण्या झाल्या होत्या का?"

घाटे फोनवर वाकले. "नाही नाही! ते आयएसओमुळे झालं."

 पलीकडून हळूच, "हे दुसऱ्याला लागतं का हो?"

केतकी फोनकडे झेपावली, पण उमरेडकर जवळ होते.

"ताई, घाबराचं काम नाही! आमच्या आख्ख्या फॅक्टरीले आयएसओ होतं. आमी तर पेढे वाटले!"