मामाला समजणारी चिनी भाषा

आमच्या अख्ख्या पनवेल तालुक्यात चिनी भाषा समजणारा एकच माणूस आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. त्याला चिनी येत नाही, ही गोष्ट वेगळी. मला ती फार उशिरा, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात कळली, आणि ज्या दिवशी कळली त्या दिवशी भर वर्गात मी मामाला ओळख दिली नाही. ते पुढे सांगतेच. पण आधी मामा नीट सांगायला हवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी एका थापाड्या माणसाबद्दल लिहिते आहे.

मामाचा विचुंब्यात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. त्याच्या गोडाऊनमध्ये शिड्या, बांबू, दोरखंड, घडीच्या लोखंडी खुर्च्या, बाकडी आणि मोठमोठी पातेली आहेत. थोडक्यात, जुन्या कराटेच्या पिक्चरमध्ये मारामारीला जे जे सामान लागतं ते सगळं आहे. हा योगायोग नाही. "धंदा बघून सामान नाय आनलं," मामा सांगतो, "सामान बघून धंदा धरला." साठीच्या घरात आलेला हा माणूस घडीची खुर्ची हाताने कधी मिटत नाही. पायाच्या अंगठ्याने तो खुर्चीला खालून टिचकी मारतो, खुर्ची हवेत मिटते आणि त्याच्या काखेत येऊन बसते. दहांतल्या सात वेळा बसते. उरलेल्या तीन वेळा ती नडगीवर बसते आणि मग मामी आतून ओरडते, "अवो, हात दिलेत ना देवानं! का त्ये पन भाड्यानं दिलेत?" शिडीवर तो सरळ चढत नाही, मागच्या बाजूने चढतो. एकदा नवीन पनवेलच्या एका सोसायटीत सत्यनारायणाच्या मंडपाला झालर लावताना तो शिडीसकट खाली आला, तो थेट गाद्यांच्या ढिगावर. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, कुणी पाणी आणलं, कुणी फोन काढला. मामा उठला, कपडे झटकले, शूटिंगमधला शॉट चुकल्यासारखं सेक्रेटरींकडे बघून म्हणाला, "परत घेऊ," आणि पुन्हा शिडीवर गेला. त्या सोसायटीने तेव्हापासून दुसरा मंडपवाला पाहिलेला नाही. भीतीने की कौतुकाने, ते मला माहीत नाही.

या पिक्चरांमध्ये असं काय आहे, हे मी लहानपणी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर मला आजही पटतं. तो म्हणाला, "हिंदीतला हिरो ठोसा मारतो, त्याला काय होत नाय. ह्यो ठोसा मारतो आन मंग सोताचाच हात झटकतो, फुंकर मारतो, कोपऱ्यात जाऊन आई गं करतो. ह्याला लागतं. म्हनून ह्यो आपला." दुसरं कारण असं की त्या हिरोकडे बंदूक नसते, तलवार नसते. समोर दहा धिप्पाड माणसं उभी असतात आणि त्याच्या हाताला लागतो स्वयंपाकघरातला झारा. तो घाबरतो, पळतो, टेबलाखालून निघतो, वर टांगलेल्या कपड्यांत अडकतो आणि पळता पळताच जिंकतो. मामाच्या मते जगात जिंकण्याची हीच एक खरी रीत आहे.

मंडपाच्या आधी मामाचा व्हिडिओचा धंदा होता. ही माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. टेम्पोत टीव्ही आणि व्हीसीआर टाकून तो खाडीकाठच्या गावांत खेळ करायचा. हिंदी पिक्चर सगळेच आणायचे, म्हणून मामाने चिनी आणले. त्यात माणसं चिनी बोलायची आणि खाली इंग्रजी अक्षरं यायची. बघणाऱ्यांतल्या कुणाला ती वाचता येत नव्हती, आणि सातवीत शाळा सोडलेल्या मामालाही नाही. तेव्हा तो हातात बांबूची काठी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिला आणि कोण काय बोलतंय ते सांगू लागला. सांगायचा अर्थात आपल्या बोलीत. लांब दाढीचा गुरू तोंड उघडायचा आणि मामाच्या तोंडून यायचं, "काय रं, जेवलास का तसाच आलास मारामारीला?" लोक लोळायचे. फक्त एक अडचण होती. नातं कळल्याशिवाय आमची माणसं मारामारी बघत नाहीत. पडद्यावर नवी बाई आली की मागून आवाज यायचा, "ती कोन लागतं त्याची?" मामा क्षणभरही थांबत नसे. "आत्या." मग एक आत्या पुतण्यासाठी दोन गुंडांना लोळवते आहे हे सगळ्यांना मान्य व्हायचं.

मी हे सगळं पाहिलं ते गोडाऊनमध्ये, रविवारी दुपारी, गाद्यांच्या ढिगावर बसून. तोवर सीडी आली होती, पण मामा आणि काठी तीच होती. त्यातल्या एका पिक्चरला मामा 'शिडीवाला' म्हणायचा. तो मी किती वेळा पाहिला असेल ते सांगता येणार नाही. एका म्हाताऱ्याचं मिठागर असतं. अंगणात मिठाच्या पांढऱ्या राशी असतात. एका शेटला ते मिठागर हवं असतं. तो माणसं पाठवतो, कागद पाठवतो, शेवटी स्वतः येतो. तेव्हा म्हातारा त्याला म्हणतो, "ही जागा माझ्या बापानं चिखल तुडवून केली. त्याच्या पावलांचे ठसे पुसून दाखव, मंग घे." मग म्हाताऱ्याचा बावळट पुतण्या एक शिडी उचलतो, आणि पुढची पंधरा मिनिटं श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षी मी चित्रपट-रसग्रहणाचा विषय घेतला. सरांनी सांगितलं, जो चित्रपट तुम्ही सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे त्यावर निबंध लिहा. मी नऊ पानं लिहिली. सीडीच्या कव्हरवरून त्या चित्रपटाचं खरं नाव शोधून काढलं आणि श्रम, जमीन, मालकी असे मोठे शब्द घालून मिठागराची गोष्ट लिहिली. मला तो निबंध चांगला वाटत होता.

दुर्दैव असं की आमच्या सरांनी तो चित्रपट पाहिलेला होता. निबंध परत देताना ते थांबले. ते रागावले नव्हते, खरोखरच गोंधळले होते. "अगं, यात मिठागर कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "ती पिठाची गिरणी आहे. शेवयांची दोन दुकानं समोरासमोर असतात, त्यांचं भांडण. तू नक्की हाच पाहिलास ना?" वर्ग हसला. मी बाकाची कड धरून उभी होते. कॉलेजात मी फार जपून बोलते, 'नाय' तोंडात आलं तर गिळून 'नाही' म्हणते. मी जपून म्हणाले, "सर, माझी दुसऱ्या चित्रपटाशी गल्लत झाली." सर म्हणाले, पुढच्या मंगळवारी वर्गासमोर एक प्रसंग दाखवून नीट मांड, नाहीतर या निबंधाला गुण देता येणार नाहीत. मी मान हलवून खाली बसले. गुणांचं मला फारसं काही वाटलं नाही. "हे मला माझ्या मामाने सांगितलं" हे साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते टोचत होतं.

त्या संध्याकाळी मी तो चित्रपट मोबाइलवर पाहिला, इंग्रजी ओळी थांबवून थांबवून, शब्दकोश उघडा ठेवून. सर बरोबर होते. पीठ होतं. आत्या आत्या नव्हती, शेजारीण होती. पावलांच्या ठशांचं ते वाक्य, जे मला पाठ होतं आणि जे मी निबंधात दोनदा वापरलं होतं, तिथे म्हातारा म्हणत होता, "तुझ्या शेवयांना चव नाही."

दुसऱ्या दिवशी मी गोडाऊनमध्ये गेले. मामा खाली बसून एका फाटलेल्या झालरीला टाके घालत होता. "मामा, ते मीठ नाही. पीठ आहे," मी म्हणाले.

मामाने टाका पुरा केला. "तुला कवा कललं?"

"काल."

"मला पयल्याच खेलाला कललं," मामा म्हणाला. "त्या राशीतलंच पीठ घेऊन बाई मलताना दाखवलंय की. आमी काय आंधले नाय."

मला तेव्हा आठवलं. पिक्चरच्या मध्यावर मामा नेहमी "हितं कॅसेट खराब हाय" म्हणून रिमोटने पुढे पळवायचा. सीडी आल्यावरही कॅसेटच खराब असायची.

"मग खोटं का सांगितलंस?" माझा आवाज चढला होता. "माझ्यावर सगळा वर्ग हसला."

"बस हितं," मामा म्हणाला. मी गादीवर बसले. "आपल्या गावात पयला खेल लावला त्या वर्साला मिठागरं बंद झाली व्हती. समोर बसलेली सगली मिठातली मानसं. पडद्यावर पांढरी रास आली आन एक म्हातारी बोलली, 'मीठ हाय रं!' आख्खा गाव पुढं सरकून बसला. त्यांना मी काय सांगू? पीठ हाय, घरी जावा?" त्याने सुईत नवा दोरा घातला. "त्या वर्साला आपल्या मानसांना कोनाला मारताच आलं नाय, बाय. समोर कोन आलाच नाय ना. जागा गेली म्हनून नुसता कागद आला. कागदाला ठोसा कसा मारनार? मंग तेवडा एक तास त्यो चिनी आपल्या वतीनं मारायचा. लोक घरी जाताना सरल चालायचे." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू वर्गात काय सांगितलंस?"

"गल्लत झाली म्हणाले. तुझं नाव नाही घेतलं."

"बरं केलंस," मामा अगदी मनापासून म्हणाला. "उगाच मार्क जातील." आणि पुन्हा झालर शिवू लागला.

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवारी मी वर्गासमोर उभी राहिले. शेवटचा प्रसंग लावला आणि आवाज बंद केला. "सर, माझी गल्लत झाली नव्हती," मी म्हणाले. "चित्रपटात पीठच आहे. पण आमच्या गावांनी मीठ पाहिलं, कारण माझ्या मामाने ते मीठ म्हणून सांगितलं. तो कसा सांगायचा ते मी दाखवते." इतकं बोलून माझा सगळा धीर संपला. पहिली दोन-तीन वाक्यं मी पुस्तकी मराठीत सांगितली. कुणी हसलं नाही. मग शेटने पडद्यावर तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं नसताना, मामाचाच शेट बाहेर पडला, "ए म्हाताऱ्या, सही करतंस का उचलून खाडीत टाकू?"

वर्ग एकदम हसला. पण मागच्या मंगळवारसारखा नाही. मी पुढे बोलत गेले. पुतण्या शिडीत अडकला, शिडीतून निघाला, स्वतःच्याच बोटांवर फुंकर मारून "आय आय गं" म्हणाला. दोन वर्षं माझ्यासारखीच जपून बोलणारी एक मुलगी आमच्या वर्गात आहे, आमच्याच तालुक्यातल्या आपट्याहून येते. ती शेवटच्या बाकावरून ओरडली, "ती बाई कोन लागतं त्याची?" "आत्या!" मी ओरडले. सर टेबलाच्या कडेला बसून डोळे पुसत होते. मला इतकं उंच कधीच वाटलं नव्हतं. मी माझ्या मामासारखी बोलत होते आणि मला ते जमत होतं.

तास संपल्यावर सरांनी माझा निबंध मागून घेतला. पहिल्या पानावर माझ्या नावाखालची मोकळी जागा पेनाने दाखवून ते म्हणाले, "इथे मामांचंही नाव लिही. मग गुण देतो." मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, आडनावासकट, पूर्ण.

घरी न जाता मी थेट गोडाऊन गाठलं. नाव लिहिल्याचं सांगितलं, तर मामाने ते कानाआड केलं. त्याला दुसरंच हवं होतं. "हसली का पोरं?"

"हसली."

"कवा कवा?"

मी एकेक जागा सांगितली. प्रत्येक जागेला तो मान हलवत होता. शिडीला एकदा, बोटांना एकदा, आत्याला सगळ्यांत जास्त. सगळ्या त्याच्याच जागा होत्या. मग त्याने विचारलं, "आन गप कवा झाली?"

"मारामारी संपल्यावर म्हातारा सांडलेल्या राशीतली एक मूठ उचलतो आणि बोटांतून सोडून देतो ना, तिथे. मला तिथे काही सुचलंच नाही मामा. मी नुसती उभी राहिले. पोरंही गप्प बसली."

मामाने हातातली दोरी खाली ठेवली. गोडाऊनच्या दारातून समोरच्या नव्या इमारतींचे मजले दिसतात, तिकडे त्याने पाहिलं. "तितं मी पन कदी काय बोललो नाय," तो म्हणाला. "जमायचंच नाय." मग जरा संकोचून, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "तुला वाचता येतं. खरं काय बोलतो गं त्यो म्हातारा तितं?"

मी ती जागा तीनदा थांबवून पाहिली होती. खाली एकही ओळ नव्हती.

"काहीच नाही बोलत, मामा."

मामाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "म्हंजे आख्ख्या पिक्चरमदी," तो म्हणाला, "तेवडं एक तरी मी बरोबर सांगितलं."