फेअर शेकवाले काका

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या मॉरिसव्हिल गावात अन्यायाची खरीखुरी चीड येणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या शेजारी राहतो. बाकी आम्ही सगळे नुसते कुरकुरतो. स्टॉप साइनवर कुणी पाळी मोडून गाडी पुढे घातली, की हे काका पुढच्या सिग्नलला त्याला गाठतात आणि काच खाली करून अत्यंत नम्रपणे त्याचा वर्ग घेतात. मराठी मंडळाच्या जेवणात श्रीखंडाची शेवटची वाटी उरली, की ती कुणाची हे ठरवायला खिशातून फासे काढतात. होय, फासे त्यांच्या खिशातच असतात. मग ते पेल्यात खुळखुळवत ‘फेअर शेक’ या अमेरिकन वाक्प्रचाराचा अर्थ सांगतात: प्रत्येकाला सारखी, खरी संधी. “उगम बहुधा जुगारातला. फासे सगळ्यांसमोर नीट हलवायचे, हातचलाखी नाही. पण खात्री कुणालाच नाही हं,” असंही प्रामाणिकपणे जोडतात. तोवर श्रीखंड कुणीतरी खाऊन टाकलेलं असतं.

या वसंतात त्यांच्या कंपनीत कपात झाली. काकांच्या हाताखाली नागपूरची एक सॉफ्टवेअर टेस्टर होती, व्हिसावर आलेली. नोकरी गेली तर देशही सोडावा लागणार. प्रत्येकाचं काम तपासूनच निर्णय होईल, असा शब्द साहेबांनी दिला होता. त्या भरवशावर पोरगी मान मोडून राबली. तिचं काम कसं आहे, हे काकांना कुणी एका शब्दानेही विचारलं नाही. सरळ काढून टाकलं. आणि वर ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांना सांगतात, प्रत्येकाला फेअर शेक मिळाला. इतकं निर्लज्ज खोटं, तेही हसऱ्या चेहऱ्याने!

काकांनी माइक सुरू केला. वाक्प्रचाराचा अर्थ सांगितला, उगम सांगितला, खात्री नसल्याचंही सांगितलं. मग म्हणाले, “सर, तुम्ही पेला हातातसुद्धा घेतला नाहीत. हा शब्द मागे घ्या.”

हे आपण नंतर बोलू, म्हणून साहेब पुढच्या विषयाकडे वळले. संध्याकाळपर्यंत काकांना सहकाऱ्यांचे चोरून मेसेज आले, “काका, मस्त बोललात यार.” मीटिंगमध्ये मात्र दुसरा एकही माइक सुरू झाला नव्हता. या भेकडपणाला आपण प्रोफेशनल वागणं म्हणतो, आणि पोरांनाही तेच शिकवतो.

तिला विमानतळावर सोडायला काकांबरोबर मीही गेलो. आत जाताना तिने विचारलं, “काका, पुन्हा कुणी बोलावलं तर येऊ का मी?”

काका तिची बॅग धरून नुसते उभे राहिले. मागची रांग खोळंबली, तेव्हा तिनेच ती हळूच त्यांच्या हातातून सोडवून घेतली.