कुंकू लावलेली घरघंटी

मी लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. सध्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयुष्यभर पंचनामे लिहिले, त्यामुळे वाक्यं रुक्ष झाली तर सांभाळून घ्यावं. पण मोशीतली ती तक्रार अजून डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा चौकीला उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत असताना पस्तिशीच्या एक बाई आणि त्यांच्या सासूबाई आल्या. बाईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"साहेब, ऑनलाइन घरघंटी मागवली. एक हॉर्सपॉवरची मोटर लिहिलीय. पण बाजरी टाकली की बंद पडते. परत घ्या म्हणून कळवलं, तर काल न्यायला ॲपचा माणूस आला आणि बघून तसाच परत गेला."

बाई चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला कंत्राटी होत्या. ते काम सोडून त्यांनी घरीच दळणाचा धंदा सुरू करायचं ठरवलं होतं. दिवाळीच्या भाजणीचं काम बचत गट त्यांना देणार होता, पण पंधरा दिवसांत गिरणी चालू झाली तरच. नाहीतर ते दुसरीकडे जाणार.

"ही दिवाणी बाब आहे, ताई. ग्राहक मंचात जा," मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा म्हटलं असेल. वस्तू परत करण्याच्या मुदतीचे तेव्हा तीन दिवस शिल्लक होते. मी ते विचारलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी दोघी पुन्हा हजर. ग्राहक मंचाच्या अर्जाला विक्रेत्याचा पत्ता लागतो आणि ॲपवर तो अर्धाच होता. तो शोधण्यात मुदत संपली. आता मोबाइलवर संदेश होता: 'वस्तू वापरलेली व डागाळलेली. परतावा नामंजूर.'

मी स्वतः ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग गाणं, मग एक मुलगी. पोलीस चौकीतून बोलतोय म्हटलं. "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, सर. ऑर्डर क्रमांक सांगा." तीन वेळा सांगितला. चौथ्यांदा गाणं लागलं आणि फोन कट झाला. सराईत चोरानंही मला इतकं थकवलं नव्हतं.

"पण डाग कसले?" मी फोन आपटत विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "कुंकवाचं, आन् कसलं? घरात यंतर आलं तर हळदी-कुंकू लावायचं न्हाई व्हय? नारळ फोडला, मूठभर गहू दळलं, परसाद वाटला."

"आजी, नारळाचं पाणी मोटरवर तर नाही ना सांडलं?" आमच्या हवालदारांनी चेष्टा केली.

"दसऱ्याला तुमच्या जीपला झेंडूची माळ घालता, तवा जीप वापरलेली व्हती का रं?"

हवालदार रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले.

पार्सल न्यायला आलेल्या माणसाला मी चौकीत बोलावलं. तो परभणीकडचा होता आणि घाबरला होता.

"डाग आहेत असं का लिहिलंस?"

"साहेब, ॲपमध्ये फोटो टाकायचा अन् हो किंवा नाही दाबायचं. कुंकू म्हणून बटनच नाही तिथं."

"मोटर तपासलीस?"

"दारात दोन मिनिटं मिळत्यात. मोटर कोण उघडणार?" मग तो जरा पुढं सरकला. "पण एक सांगू का? याच विक्रेत्याच्या घरघंट्या सारख्या परत येऊ लागल्यात. दिघीतूनच दोन उचलल्या मी. तेच यंत्र नव्या खोक्यात घालून दुसऱ्याला पाठवत्यात."

माणसाला ओरडून विचारलं तर तो विचारलेलं तेवढंच सांगतो. हातात चहा दिला की न विचारलेलंही सांगतो. त्याला चहा मिळाला होता.

भोसरीतून मोटर वाइंडिंगचा एक जुना कारागीर आणला. पंचांसमोर त्यानं घरघंटीचं मागचं झाकण उघडलं. मोटरवर चकचकीत स्टिकर होता, एक हॉर्सपॉवरचा. त्यानं तो नखानं खरवडला. खालच्या पत्र्यावर ३७० वॅट कोरलेलं होतं.

"राव, ही निम्मी हाय! आणि स्टिकर निदान सरळ तरी चिकटवायचा ना."

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. पार्सलवाल्यानं दाखवलेल्या विक्रेत्याच्या चाकण रस्त्यावरच्या गोदामात त्याच स्टिकरची अख्खी रिळं सापडली. तिथला मालक म्हणाला, "साहेब, गिऱ्हाइकाला कुठं काय कळतंय?" त्याला अटक झाली. मला वाटलं, काम झालं.

पण काम झालेलं नव्हतं. घरघंटी मुद्देमाल म्हणून सील होऊन ठाण्यात आली. ॲपवाल्यांनी कळवलं, 'विक्रेत्यावर गुन्हा दाखल असल्याने परतावा स्थगित.' म्हणजे बाईंकडे ना यंत्र, ना पैसे, आणि हे दोन्ही माझ्या यशस्वी तपासामुळे. मी पत्रं लिहिली. त्यांनी एफआयआरची प्रत मागितली, ती दिली. मग तीच प्रत इंग्रजीत मागितली. भाजणी दुसऱ्या बाईंकडे गेली. दिवाळी झाली. मी निवृत्त झालो आणि फाइल नव्या अधिकाऱ्यांच्या हाती दिली.

या प्रकरणानं काय शिकवलं, तर पहिल्या दिवशी मी चहा बाजूला ठेवून त्या घरी गेलो असतो आणि एक झाकण उघडायला लावलं असतं, तर सगळं मुदतीत बसलं असतं. 'दिवाणी बाब' हे उत्तर चूक नव्हतं. पण ते देऊन मी मोकळा झालो आणि त्या अडकल्या. गुन्हा उघडकीस आणणं आणि माणसाची अडचण सोडवणं ही एकच गोष्ट आहे, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला.

"साहेब, पैसे आले. सगळे आले."

"वा, ताई! आता नीट तपासून चांगली घरघंटी घ्या."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता.

"नाही, साहेब. मी परत लागले कंपनीत, पॅकिंगलाच. पैशांतून सासूबाईंचा दवाखाना होईल. बस आली, ठेवते हं."